राखणदाराचे मार्क

३ फेब्रुवारी
नोकरी लागली! मुलुंडच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला गाळा, खाली रबराचे वायसर बनवतात, वर आम्ही. एसी झकास. काम म्हणजे अँटिव्हायरसची परीक्षा. कॉम्प्युटरमध्ये मुद्दाम व्हायरस सोडायचा, कोण त्याला अडवतो ते बघून मार्क द्यायचे. साध्या फायलीला उगाच चोर म्हटलं तर मार्क कापायचे. आमची यादी बघून लोक विकत घेतात. नंदकिशोर सर म्हणाले, कॉलेज अर्धवट सोडलंस ना, आता तू दुसऱ्यांना नापास कर.

५ फेब्रुवारी
रिकाम्या कॉम्प्युटरवर व्हायरस डोकं वर काढत नाही. म्हणून त्यात खोटा माणूस वसवायचा. मेल, बिलं, फोटो. शेजारच्या टेबलावरची माधुरी काल्पनिक काका बनवते. मी सर्वेश बनवला. बोरिवलीचा तोच, ज्याच्या बाइकवर बसून माझी श्वेता गेली. फोटो वर्सोव्याच्या जेट्टीवरचा. डावीकडे तो, मग श्वेता, मग मी. स्वतःला कापलं. तिला कापवेना. आता रोज त्याचं वाटोळं बघणार.

१० फेब्रुवारी
व्हायरसने फोटो खायला घेतला. डावीकडून राखाडी पट्टा, सर्वेशचा एक कान गेला. तेवढ्यात 'राखणदार' नावाच्या सॉफ्टवेअरने अडवलं. बाकी सगळे झोपतात, हाच मध्ये पडतो. डोकंच फिरलं. सर्वेशला वाचवतोस काय? साध्या फायलींना चोर म्हणाला असं खोटंच लिहिलं आणि मार्क कापले. माधुरीने बघितलं.
"आपल्या मार्कांवर लोक घर सोपवतात रे, लवू."
तुझं तू बघ, म्हटलं.

१३ फेब्रुवारी
कॉलेजच्या ग्रुपवर आलंय, सर्वेशला एका कानाने ऐकू येईना. डॉक्टरांना कारण सापडत नाही. कुठला कान ते वाचलं. फोटोतला तोच. घाबरायला हवं होतं. हसू आलं.

१७ फेब्रुवारी
यादी लागली. राखणदार शेवटचा. सरांनी त्याला मशीनवरून काढून टाकलं. मी वर चढवलेला पहिला नंबरवाला कुणालाच अडवत नाही. पट्टा सर्वेशच्या तोंडावरून गेला. संध्याकाळी ग्रुपवर— आयसीयू. दिसत नाही, बोलता येत नाही. चांगली जिरली.

१८ फेब्रुवारी
पट्टा थांबत नाही. श्वेताच्या केसांना लागलाय. मशीन पुसून पहिल्यासारखं केलं. बाकी सगळं परत आलं, फोटोवर मात्र पट्टा तसाच. प्लग उपटला. माझ्या फोनमधल्या फोटोतही पट्टा—

१९ फेब्रुवारी
घाटकोपरला फोन लावला. तिची आई म्हणाली, श्वेता आरशासमोर बसलीये, हाक मारली तरी ओ देत नाही. सरांच्या पाया पडलो, राखणदार परत लावा. म्हणाले, तूच नापास केलास ना? लपून मीच मशीनवर परत टाकला. पहिल्या नंबरवाल्याने त्यालाच चोर म्हणून हाकललं.

२० फेब्रुवारी
श्वेता गेली. फोटोतून. आणि घाटकोपरहून पण—
फोटो संपला नाही. जिथे तिचा खांदा होता तिथे एक हात आहे. मला कापताना राहिलेला. उजवा.
बोटं राखाडी झालीत. पेन दिसतंय, हाताला लागत नाही—
माधुरी, राखणदाराचे मार्क खोटे आहेत. त्याला पहिला कर. मी लिहून देतो, खाली साक्षीदार म्हणून तू सही कर—