पाच नंबरचा कॅमेरा आणि वाढदिवसाचा फ्लेक्स

पिंपळखेडा (मोठा), जि. वर्धा
२९ ऑगस्ट

चि. अनुप यास मामाचा सप्रेम जयभीम आणि पोटभर आशीर्वाद. तू आणि सरिता पुण्यात खुशाल असाल असं धरून चालतो. (सरिताची सर्दी गेली का?) मी ठीक आहे. तुझ्या आईच्या पायाची जखम भरते आहे, म्हणजे जेवढा पाय डॉक्टरांनी ठेवला तेवढ्याची. फोन केला की ती शेजारच्या खाटेवरून कान देऊन ऐकते, म्हणून इतक्या वर्षांनी पोस्टाचं पाकीट आणलं.

तू परत गेल्यापासून मी रोज पोलीस ठाण्यात जातो. तिथे भिंतीवर मोठा टीव्ही आहे आणि गावातले सोळा कॅमेरे त्यात सोळा चौकोनांत दिसतात. कोणाची म्हैस कुठे बसली, पानठेल्यावर कोण किती वेळ उभा राहिला, सारं कळतं. (पस्तीस वर्षं कारकुनी करून मला गावाची एवढी माहिती नव्हती.) पंधरा चौकोनांत गाव आहे. पाचव्यात, म्हणजे चौदा तारखेला आंजीच्या एसटीसाठी निघालेल्या तुझ्या आईला गाडीने जिथे उडवलं त्या चौकात, फक्त आपले गावपुढारी सदाशिवराव यांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सची पाठ दिसते. सकाळचं ऊन पडलं की त्यातून 'हार्दिक शुभेच्छा' उलट्या अक्षरांत वाचता येतं. वाढदिवस अकराला होऊन गेला, फ्लेक्स चौदालाही तिथेच होता.

हवालदार महादेवराव भला माणूस आहे. त्याने मला सात वाजून चार मिनिटांचं चित्र तीनदा दाखवलं. "थोडीशी हवा असती ना काका, तं नंबर दिसला असता जी," म्हणाला. आम्ही दोघं खुर्च्या पुढे ओढून वाऱ्याची वाट पाहत बसलो, आणि वारा तर पंधरा दिवसांपूर्वीचा! गाडी गेली तेव्हा फ्लेक्स एकदा हलला. तुझ्या आईच्या पायाचा सरकारदरबारी एवढाच पुरावा आहे. मला तिथेच रडू आलं आणि महादेवरावाने चहा मागवला.

तुझी आई मात्र रोज विचारते, "प्रेमदास, नंबर भेटला काय रे? कॅमेऱ्यानं तं पाह्यलं असनच ना?" मी म्हणतो, तपास सुरू आहे. कॅमेरा झाकलेला होता हे तिला अजून सांगितलेलं नाही. तू सांगू नकोस.

आता तू पुण्याहून अर्ज पाठवला आहेस की मागचं फुटेज काढून फ्लेक्स बांधणाऱ्यावर गुन्हा नोंदवा. ठाणेदार प्रेरणा मॅडमनी तो फाइलला लावला आहे. अर्जाचं मराठी उत्तम आहे. बाकी सरिताला आशीर्वाद.

तुझा मामा,
प्रेमदास

ता. क. फुटेज तीस दिवस राहतं, मग आपोआप पुसलं जातं. फ्लेक्स दहा तारखेला बांधला, म्हणजे नऊ सप्टेंबरला विषय संपतो. तोवर तू अर्ज मागे घेतलास तर बरं होईल. शिडीवर चढलेला माणूस मी आहे. पानठेलेवाला खालून ओरडलाही होता, "कॅमेरा झाकून राह्यला ना काका!" मी म्हटलं, "दोन दिवसांचं तं काम आहे, इथं काय पाहाचं आहे त्याले?" फ्लेक्सवर खालच्या ओळीत 'ज्येष्ठ मार्गदर्शक' म्हणून माझा फोटो होता, तो एसटीतून उतरणाऱ्या सगळ्यांना दिसावा एवढीच माझी हौस.

आणखी एक. पाकीट चिकटवायच्या आधी महादेवरावाने बोलावून घेतलं. दहा तारखेचं काढलं होतं, मॅडमही होत्या. माझा चेहरा इतका स्वच्छ आला आहे की मी नाही म्हणू शकलो नाही. पण खाली शिडी धरून तुझी आई उभी आहे, अनुप. मीच तिला बोलावलं होतं. मान वर करून मला काहीतरी बोलते आहे, बहुतेक "पडशीन ना!" म्हणत असेल. पावणेदोन मिनिटं उभी आहे, दोन्ही पायांवर. मग माझा फ्लेक्स येतो आणि पुढे काही दिसत नाही; पानठेलेवाला ओरडला तोवर ती घरी निघून गेली होती. महादेवराव म्हणतो, अर्ज फाइलला असेपर्यंत हे पुसता येत नाही. तर अर्ज मागे घेऊ नकोस.