वसंतासोबत रॉकेटचा दुसरा भाग

शुक्रवार, २६ ऑक्टोबर १९५६. लष्कर.

रॉकेटवाल्या सिनेमाचा दुसरा भाग आज वसंतासोबत पाहिला. खरं तर मी काल चोरून एकटाच पाहून आलो होतो. मारामारी पहिल्या भागाहून झकास, पण हीरोचा दोस्तच गायब. त्याच्याशिवाय काय मजा? म्हणून मीच मजा केली. प्रत्येक सीनच्या आधी ओरडलो, "आता रॉकेट फुटणार!" सगळा हॉल हसला. वसंता म्हणाला, "चुप बस ना यार, मला बघू दे!" मी शेवटही सांगून टाकला. तो मूंगफलीची पुडी तिथंच ठेवून उठून गेला.

त्याच्या बाबांचं ऑफिस भोपाळला चाललंय. उद्या सकाळी सगळे जातील. माहीत होतं, तरी असं का केलं मी?

पुडी द्यायला त्याच्या घरी गेलो. काकू दारातच म्हणाल्या, "वसंता झोपला रे."

संध्याकाळी सात वाजता?