गाठ गरम, माणूस गार

प्रति,
मा. मंजुरी अधिकारी,
औषध साहाय्य कक्ष, दुसरा मजला.

विषय : पत्नीची गाठ गरम असून पत्नीस ताप नसल्याबाबत.
संदर्भ : आपले पत्र ‘ताप उतरल्यावर अर्ज करावा’ व त्यानंतरची तशीच दोन पत्रे.

महोदय,

मी खाली सही करणार, व्यवसायाने इस्त्रीवाला, विनंतीपूर्वक कळवितो की,

१. माझ्या पत्नीच्या यकृतात कर्करोगाची गाठ आहे. तिच्या शिरेत सूक्ष्म बुडबुडे सोडून खास सोनोग्राफी करण्यात आली. शरीराच्या लढणाऱ्या पेशी जिथे जमतात तिथेच हे बुडबुडे चिकटून पडद्यावर चमकतात. पत्नीच्या गाठीत ते भरपूर चमकले. अशा गाठीला डॉक्टर ‘गरम’ म्हणतात, व मी ज्यासाठी अर्ज केला ते, या पेशींना बळ देणारे औषध गरम गाठीवरच लागू पडते. म्हणून डॉक्टरबाईंनी ‘गाठ गरम आहे, औषध त्वरित द्यावे’ असे लिहिले.

२. आपल्या लिपिकांनी ते ‘ताप : आहे’ या रकान्यात चढविले. ताप असलेल्या रुग्णास औषध मंजूर होत नाही. मी ताप नसल्याचा दाखला आणला, तर दाखला व अहवाल परस्परविरोधी ठरले. लिपिक म्हणाले, “काका, आमच्याकडे गरमला दुसरा रकानाच नाही. गाठ थंड झाल्याचं लिहून आणा, लगेच सही होईल.” माणूस वाईट नाही. स्वतःचा डबा बाजूला सारून त्यांनी माझे ऐकून घेतले.

३. महोदय, तीस वर्षे माझा हात इस्त्रीवर आहे. इस्त्री गरम म्हणजे कामाला तयार, तिला कोणी आजारी म्हणत नाही. हे मी खिडकीतून तीनदा सांगितले. चौथ्यांदा रांगेतल्या लोकांनी मला गप्प केले.

४. पत्नी रोज सकाळी काखेत थर्मामीटर धरून बसते व “बघा हो, गार आहे ना मी?” असे विचारते. मी हो म्हणतो. मला फार भीती वाटते.

५. काल पुन्हा सोनोग्राफी झाली. पडद्यावर चार-दोन ठिपकेच उरले होते. डॉक्टरबाई म्हणाल्या, पेशी माघारी फिरू लागल्या आहेत, आठवड्याभरात औषध न मिळाल्यास मग देऊन उपयोग नाही.

सबब, ‘गरम’ऐवजी चालणारा शब्द आपणच सुचवावा, मी तो लिहून आणतो. अन्यथा गाठ थंड झाल्याचा अहवाल मला आपोआप मिळेल व आपली सहीही लगेच होईल. त्या सहीचे मी काय करावे, तेवढे कळवावे.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
(सही)
खिडकी क्रमांक तीनवरचा इस्त्रीवाला
दि. ८, बुधवार

सोबत :
१. पहिला अहवाल (गरम).
२. ताप नसल्याचे दाखले, तीन.
३. कालचा अहवाल. हा कृपया टपालाने घरी परत पाठवू नये. टपाल पत्नी उघडते.