खुर्चीला विचारलं, तू माउस आहेस का?

३ मार्च

खुर्ची आपोआप वर गेली! रिकामी नाही — जजबाई बसल्या होत्या, दातांचा साचा घ्यायचा लगदा तोंडात भरलेला. मी फक्त कोपऱ्यातला नवा संगणक चालू केला. खुर्ची घुर्रर्र करत थेट पंख्याच्या दिशेने! बाई "ऊं! ऊं!" मला वाटलं, दुखतंय. त्या "पंखा! पंखा!" म्हणत होत्या.

सासरे दारातून म्हणाले, "माझ्या वेळी खुर्च्या सांगितल्याशिवाय हलत नसत."

दवाखाना मूळचा त्यांचा. हात थरथरायला लागले तेव्हा माझ्या हवाली केला, आणि आता रोज वरच्या मजल्यावरून खाली येऊन माझ्या चुका वेचतात. त्यात हा संगणक बसवला त्यांच्या मुलाने, म्हणजे माझ्या नवऱ्याने. तोही ते देवळात जातील त्या वेळी, चोरासारखा येऊन! म्हणून आज जास्तच गोड आवाजात बोलले.

४ मार्च

पुन्हा! या वेळी पोस्टमन. त्याला मजा वाटली, ते सोडा. रिकामी खुर्ची मात्र ढिम्म — वजन असेल तरच हलते.

रात्री आमच्या फ्लॅटवर नवऱ्याला सांगितलं तर जेवताना हसून हसून ठसका. त्याची नोकरीच ती — संगणकाला काय काय जोडलंय हे ओळखणारे प्रोग्राम लिहायचे. म्हणे, संगणक जागा झाला की जुन्या वायरींवर विचारतो, 'तिकडे माउस आहे का?' नव्या वस्तू विचारल्यावर आपलं नाव-गाव सांगतात. आपली खुर्ची जुनी, अशाच एका वायरीने संगणकाला जोडलेली. तिला प्रश्न कळत नाही. तिच्या भाषेत त्याच खुणेचा अर्थ 'वर जा'!

"मग ये आणि नीट कर."

हसू गेलं. "बाबा असतात ना तिथे?"

दातांचा डॉक्टर व्हायला याने नकार दिला, तेव्हापासून बापलेकांचं बोलणं बंद. निरोप पोचवायला मी आहेच, फुकट.

६ मार्च

आला! जजबाई तक्रार करणार म्हणाल्या, म्हणून आला.

चाचणीला खुर्चीत वजन हवं. मी बसले तर बटणं कोण दाबणार? उरले सासरे. चढून बसले. सिंहासनच जणू.

"त्यांना सांग, पाय आत घ्या."

"त्याला सांग, माझे पाय माझ्या ताब्यात आहेत."

मध्ये दोन हातांचं अंतर!

आज त्याने संगणकाला शिकवलं — आधी गप्प बसून ऐक, विचारू नकोस. संगणकाने ऐकलं. नेमकी तेव्हाच खुर्ची आपली उंची कळवत होती. संगणक खूश — सापडला माउस! सासरे डावीकडे कलले, पडद्यावरचा बाण डावीकडे. शिंकले — जजबाईंच्या अक्कलदाढेचा फोटो उघडला!

सासरे मुद्दाम उजवीकडे कलले. बाण उजवीकडे. मग अगदी हळू, "अरे, हे मी करतोय?"

"हो बाबा. तुम्हीच."

मी उगाच पाणी प्यायला आत गेले.

७ मार्च

सासरे बसल्या जागी कंबर हलवून संगणकावर पत्ते खेळतात. जिंकलेसुद्धा!

१० मार्च

रोज येतोय. ऑफिसात काय सांगतो, देव जाणे. बोलणं फक्त खुर्चीचं. "वीतभर उचलली." "वीत म्हणजे किती, बाबा?" "तुझी नव्हे, माझी."

आज संगणकाचा प्रश्न बदलून पाहिला, तर खुर्ची आडवी झाली आणि चूळ भरायच्या नळाची धार सासऱ्यांच्या कानात! मुलाने रुमाल काढून कान पुसला. दोघांचे चेहरे असे, जणू तो कान तिसऱ्याच कुणाचा तरी आहे.

बाहेर पेशंट ताटकळलेत. जजबाई नव्या दातांशिवाय फोनवर ओरडतात. अर्धं कळत नाही, तेवढंच बरं.

१२ मार्च

झालं एकदाचं! त्या वायरीला काही विचारायचंच नाही. तिथे खुर्ची आहे, हे संगणकाला आपणच आधी लिहून द्यायचं.

"हे पहिल्याच दिवशी नसतं जमलं?" मी विचारलं. तो पेचकस शोधायला लागला.

संगणक परत परत चालू केला. खुर्ची जागची हलली नाही. सासरेही नाहीत.

"नीट बघितलंस ना?"

"बघितलं बाबा."

"अजून एकदा?"

"झालंय, बाबा."

त्याने पिशवी भरली. दारात घुटमळला. खुर्ची सोडून दुसरं काय बोलायचं, दोघांनाही सुचेना.

"बरं," सासरे म्हणाले.

"बरं," तो म्हणाला. गेला.

१४ मार्च

फरशी धुवायची म्हणून खुर्चीची संगणकाकडे जाणारी वायर काढली आणि सासऱ्यांच्या हातात दिली, जरा धरा म्हणून. खुर्ची रिकामी, खाली. बादली घेऊन परत आले तर फोनवर बोलत होते. एका हातात फोन, दुसऱ्यात वायर —

"अरे, पुन्हा वर गेली! आत्ताच! मी बसलोय ना त्यात... हो, हो. सावकाश ये."