लॉट एक्केचाळीस, सावंतबुवांची पेटी

शुक्र. १४ नोव्हें.
ट्रस्टचा लिलाव परवा, मुलुंडच्या हॉलमध्ये. आज निखिल मरोळच्या ऑफिसात आला होता. ऑनलाइन बोलीचं अ‍ॅप त्याचं, चारकोपला दोन खोल्यांत कंपनी. हॉलचं सॉफ्टवेअर वेगळं, जुनाट, ते फक्त कदमकाकांना चालवता येतं. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. (सॉफ्टवेअरं. तसं निखिल आणि काकाही.) मधली दुभाषी मी.

निखिलला आमची ‘परत लावा’ची पद्धत समजावता समजावता घसा बसला. हॉलमध्ये वस्तू घेतलेला माणूस पैसे भरून ती तिथल्या तिथे ट्रस्टला परत देतो आणि काका तीच पुन्हा लिलावात लावतात. मागच्या वर्षी एक नारळ सात वेळा विकला.
"ताई, एका वस्तूला सात मालक? माझ्या सिस्टिमला कसं कळणार?"
काका : "तिला हॉलात आणून बसव. कळेल."

ठरलं ते असं. ऑनलाइन बोली शनिवारी बंद. तिथल्या सगळ्यात मोठ्या बोलीपासून हॉलमध्ये सुरुवात. हॉलमध्ये कोणी वर गेलं तर वस्तू हॉलची, नाहीतर ऑनलाइनवाल्याची. काका दर फेरीला एक ओळ टाकणार, शेऱ्यात काय झालं ते लिहिणार. सोमवारी दोन्ही याद्या मी जुळवणार. कोण जुळवणार दुसरं.

रवि. १६ नोव्हें.
पाय सुजलेत. तरी लिहायलाच हवं.

लॉट ४१, हार्मोनियम. घाटकोपरच्या सावंतबुवांनी दिलेली. बुवा भजनी, कोकणातले, आधी गिरणीत होते. त्यांची नात गावाहून उपचाराला आली तेव्हा ती आणि तिची आई आठ महिने आपल्या निवाऱ्यात राहिल्या, ट्रस्टने पेशंटांसाठी भाड्याने घेतलेल्या खोल्यांत. बुवांच्या खोलीत सात माणसं, डॉक्टरांनी तिथे ठेवू नका म्हणून सांगितलं होतं. नात गेली. तेव्हापासून बुवांनी गाणं सोडलं. द्यायला दुसरं काही नाही म्हणून पेटी दिली.

बोली लागली तशी मागून त्यांचं अख्खं भजनी मंडळ उठलं. वर्गणी काढून आले होते. ऑनलाइनच्या वर गेले, घेतली, आणि मंडळाचा म्हातारा पखवाजवाला ओरडला, "परत! पण ट्रस्टला नाय, बुवांका!" हॉल उभा राहिला. मी पण उभी राहून टाळ्या वाजवल्या, रडले सुद्धा. बुवा माइकवर एवढंच म्हणाले, "दत्तजयंतीक वाजवतलंय."

पेटी बाकीच्या सामानाबरोबर मरोळला आणली. गुरुवारी टेम्पोने घाटकोपरला पोचवायची.

सोम. १७ नोव्हें.
याद्या जुळवल्या. अ‍ॅप मराठी अक्षरं घेईना. काकांच्या शेऱ्याच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं, आणि फाइल नापास. निखिलचा फोन बंद. बारा वाजता विजेत्यांना आपोआप मेसेज सुटणार होते. शेऱ्याचा रकानाच काढून टाकला. फाइल गपचूप आत गेली.

पिवळ्या सूचनांची लांबच लांब यादी आली. ‘विजेता बदलला. मान्य?’ वरच्या दहा-बारा नीट पाहिल्या, नारळ आणि शाली. खाली ‘सगळे मान्य’चं बटण होतं.

दे.मॅ. (देशपांडे मॅडम. ट्रस्टच्या सचिव. कधीतरी मीच विसरेन कोण ते) खूश. सामोसे मागवले. निवाऱ्याचं पुढच्या वर्षीचं भाडं निघालं म्हणाल्या.

शुक्र. २१ नोव्हें.
वाट लागली.

पखवाजवाल्यांचा सकाळी फोन. "काल टेम्पो येणार होता ना?" खाली गोदामात पाहिलं. पेटी नाही. वॉचमनने वही दाखवली : बुधवारी कुरियरवाला अ‍ॅपची पावती दाखवून घेऊन गेला. पावतीवर अंधेरीचा माणूस. ऑनलाइनची सगळ्यात मोठी बोली त्याची, हॉलमध्ये मंडळ ज्याच्या वर गेलं तो.

दुपारपर्यंत उलगडलं. मंडळाने पेटी घेतली ती एक ओळ. बुवांना दिली ती दुसरी, आणि तिथे किमतीत काकांनी शून्य टाकलं. हॉलचं सॉफ्टवेअर आकडा टाकल्याशिवाय पुढे जाऊच देत नाही आणि दान दिलेल्या वस्तूची किंमत काय टाकणार? शेऱ्यात स्पष्ट लिहिलं होतं : ‘बुवांना परत दिली.’ शेरा मी काढला. अ‍ॅपने शेवटची ओळ वाचली, शून्य. हॉलचा सौदा मोडला असं धरलं आणि पेटी ऑनलाइनवाल्याच्या नावावर केली. आधी मला विचारलं होतं. मी ‘मान्य’ म्हटलं.

हॉलमध्ये टाळ्या वाजवणारी मी. दुसऱ्या दिवशी मान्य म्हणणारीही मीच. दुसऱ्या कोणी केलं असतं तर मी त्याला सोललं असतं.

अंधेरीवाल्याला चार फोन. उचलत नाही.

शनि. २२ नोव्हें.
बैठक. दे.मॅ. म्हणाल्या, "शून्य कोण टाकतं हो लिलावात?" काकांनी मान खाली घातली. "मी टाकलं. दरवर्षी टाकतो."
"म्हणून तर सांगत होते, नवीन माणूस बसवा."
काका बावीस वर्षं फुकट येतात, बोरिवलीहून, स्वतःचा डबा घेऊन. बायको गेल्यावर हे ऑफिस हेच त्यांचं घर. मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. मॅडम पुढच्या विषयावर गेल्या आणि मी ते मिटलं.

निखिल जिन्यात भेटला. हळू आवाजात : "ताई, लॉगमध्ये तुमचं नाव आहे. बटणाचं. मी काय बोललो नाही." वर आणखी, "माझ्या अ‍ॅपनेही शून्य घ्यायला नको होतं ना. तेवढं तुम्ही पण..." म्हणजे त्याने माझं झाकायचं, मी त्याचं. बरी जोडी जमली.

मंगळ. २५ नोव्हें.
अंधेरीवाला सापडला. हॉटेलं सजवतो. "मॅडम, मी पैसे भरलेत, पावती आहे, वस्तू माझी." सगळं सांगितलं, नातीचं पण. म्हणाला विचार करतो.

दे.मॅ.ना सांगितलं. "मंडळाचे पण पैसे आलेत, त्याचे पण आलेत. बुवांना दुसरी पेटी घेऊन देऊ. एवढं काय गं?"
एवढं काय. बुवांना विचारलं असतं एवढं काय ते? मी विचारलं नाही.

शनि. २९ नोव्हें.
कदमकाकांना पत्र दिलं. ‘आपल्या प्रदीर्घ सेवेबद्दल आभार.’ टाइप कोणी केलं? मी. दोनदा वाचून चुका पण काढल्या.

काकांनी ड्रॉवर रिकामा केला. चष्म्याचं घर, सुपारीची डबी, लिलावाच्या जुन्या वह्या. वह्या माझ्या टेबलावर ठेवल्या. "ह्या तुला. कॉम्प्युटर बंद पडला तर लागतील." मी "थँक्यू काका" म्हणाले. थँक्यू!

घरी दहिसरला आईने विचारलं, जेवत का नाहीस. डोकं दुखतंय म्हटलं.

बुध. ३ डिसें.
पेटी परत आली. त्या माणसाने स्वतः गाडीतून आणून दिली, पैसेही मागितले नाहीत. वाईट नाही तो. पण ओशाळलेला. "आधी बोलला असतात तर."

त्याने ती उघडली होती. आतल्या पितळी रीड, ज्यांतून सूर निघतात त्या, सगळ्या उपटून भंगारात दिल्या आणि जागेवर दिवे बसवले. हॉटेलच्या भिंतीवर लावायला. परत देताना दिवेही काढून घेतले. वरून पेटी जशीच्या तशी. पॉलिश उलट चकचकीत केलेलं. भाता हलतो, पट्ट्या दाबल्या जातात, आवाज नाही.

दे.मॅ. : "बरंच झालं की. पाठवून दे उद्या. म्हातारा आता कुठे वाजवणार आहे?"
"उद्या दत्तजयंती आहे, मॅडम. उद्याच वाजवणार आहेत."
"मग दोन दिवसांनी पाठव."

गुरु. ४ डिसें.
गेले नाही. पाठवली नाही. बुवांचा फोन ऑफिसच्या नंबरवर दोनदा वाजला, मी वाजू दिला. संध्याकाळी पखवाजवाल्यांनी सांगितलं, मंडळाने दुसरीकडून पेटी आणली होती. बुवा येऊन बसले. सगळ्यांनी आग्रह केला. "माजी येवदे" म्हणाले आणि शेवटपर्यंत ऐकत बसले.

शुक्र. ५ डिसें.
मेल टाकली. दे.मॅ., विश्वस्त, निखिल, सगळ्यांना. कदमकाकांना व्हॉट्सअ‍ॅपवर. सहा ओळी : शेरा मी काढला, सूचना मी मान्य केली, काकांनी लिहिलेलं बरोबर होतं. लॉगचा फोटो जोडला. नोकरी गेली तर आईच्या गोळ्यांचं काय, हे बटण दाबून झाल्यावर आठवलं.

दे.मॅ.चं उत्तर नाही. निखिल : "ताई यार." काकांकडे दोन निळ्या खुणा.

शनि. ६ डिसें.
आईबरोबर दादरला, चैत्यभूमीवर. चार तास रांग. आई दरवर्षी विचारते, हात जोडून काय म्हणालीस. दरवर्षी काहीतरी सांगते. आज "काही नाही" म्हटलं. तिने पाण्याची बाटली पुढे केली.

रवि. ७ डिसें.
रिक्षाने पेटी घेऊन घाटकोपरला गेले. तिसरा मजला. बुवांची सून मदतीला खाली येत होती, तोवर मी एकटीच वर पोचले होते. इतकी हलकी.

बुवांनी दारातच माझ्या हातातून घेतली. दोन पावलं चालले आणि थांबले.
"हलकी कशी झाली गो?"

सांगितलं. पहिल्यापासून. काही गाळलं नाही. अ‍ॅप, शून्य, शेरा, बटण. कळलं असेल नसेल, पण त्यांनी मधे एकदाही थांबवलं नाही. शेवटी विचारलं,
"कदमान काय लिवलेला?"
"बुवांना परत दिली."
"मगे ता खंय गेला?"
"मी काढून टाकलं, बुवा."

सुनेने चहा ठेवला. बुवा भिंतीला टेकून बसले, पेटी पुढ्यात ओढली, डाव्या हाताने भाता मारायला लागले. उजवी बोटं पट्ट्यांवर. कुठलं भजन ते मला कळणं शक्य नव्हतं. नुसती हवा आत जात होती आणि बाहेर येत होती. सून आत निघून गेली. बुवांचे ओठ हलत होते, पण गात होते की मोजत होते कोणास ठाऊक. मी म्हटलं, रीड नव्या बसवून मिळतात बुवा, मी दुकान बघून ठेवलंय. त्यांची बोटं चालूच.

चहावर साय धरली. मला ‘जा’ कोणी म्हटलं नाही, आणि मला उठता येईना.