तलावातला चुना, समुद्रातलं पोवळं

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला आता मला डोळे मिटून बसावं लागतं. आज बसले, कारण बैठकीत मला पुन्हा तोच प्रश्न विचारला गेला, जो आपल्या मच्छीमार सोसायटीच्या खोलीत विचारला होता: कशानं मेलं, एक कारण सांगा. तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते आणि उत्तर फाडकन दिलं होतं. आज केस पिकलेत, आणि उत्तर देता आलं नाही.

मी आता काय करते हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. आपल्याकडे पोवळं म्हणजे मंगळाच्या अंगठीतला लाल खडा. तुमचा मंगळ जड आहे म्हणून आई एक अंगठी घ्या म्हणून मागे लागायची आणि तुम्ही म्हणायचात, "मासं धरणाऱ्या हाताला खडा टिकत न्हाई." समुद्रातली पोवळी जिवंत असतात, आबा. ज्वारीच्या दाण्याएवढे जीव हजारोंनी एकमेकांना चिकटून राहतात आणि अंगाखाली दगडासारखं घर बांधत जातात. तेही चुन्याचंच. अशा घरांची रांगच्या रांग मी काम करते त्या बेटाभोवती असते, तिच्या आडोशाला मासे वाढतात. मी नळी तोंडात धरून पाण्याखाली जाते आणि त्यातली किती जिवंत उरली ते पाटीवर लिहून आणते. आपल्या दिंद्रुडच्या बाजूची, विहिरीतसुद्धा न पोहलेली पोरगी समुद्रात उतरते म्हटल्यावर तुम्ही हसला असता. मग लगेच विचारलं असतं, पाणी कसं हाय?

पाणी बरं नाही, आबा. या जिवांच्या अंगात बारीक शेवाळ राहतं, ते त्यांना जेवू घालतं. पाणी आठवडेच्या आठवडे जास्त तापलं की ते शेवाळ निघून जातं आणि पोवळं पांढरंफटक पडतं. लगेच मरत नाही. उपाशी, तग धरून राहतं. त्याच अशक्तपणात रोग शिरतो. कडेनं एक पट्टा सरकत येतो आणि मागे नुसता सांगाडा उरतो. रोग कुठून येतो? बेटावरचं सांडपाणी असेल. धक्क्यासाठी तळ उकरला त्याचा गाळ बसला, तो असेल. शेवाळ खाणारे मासे लोकांनी पकडून संपवले, म्हणून नको तिथे शेवाळ माजलं असेल. उष्णता तर आहेच. हे सगळं मिळून असेल, किंवा आम्हाला अजून न दिसलेलं काही. मी अहवालात "संभाव्य कारणे" असं लिहिते. आज समोरचे साहेब वैतागून म्हणाले, "मॅडम, एकावर बोट ठेवा, म्हणजे काहीतरी करता येईल." मी तीच यादी पुन्हा वाचून दाखवली. त्यांनी फाइल मिटली. पुढच्या उन्हाळ्यात मी पुन्हा जाईन आणि जे उरलं असेल त्यातलं आणखी थोडं मेलेलं लिहून आणीन. आता मला यापेक्षा वेगळं काही होईल असं वाटत नाही.

एकावर बोट ठेवायची मला मोठी हौस होती. तो दुष्काळाचा उन्हाळा, मी अंबाजोगाईहून सुट्टीला आलेली. तलाव आटून मधे हिरव्या डबक्याएवढा राहिलाय, काठाला भेगा पडल्यात, आणि तुमचा थर्माकोलचा तराफा चिखलात पालथा पडलाय. सोसायटीनं सोडलेली माशांची बोटुकली पिल्लं हाताएवढी झालेली, आणि आता रोज सकाळी रोहू, कटला पोट वर करून तरंगतात. त्या माशांवर आपल्या गल्लीतली सगळी घरं तगून आहेत. तुम्ही तलावाचे राखणदार. आई चुलीपुढे भाकरी थापतेय, तुम्ही ताटावरून मला म्हणता, "मासं पहाटं तोंड वर काढायलेत, दम लागल्यावानी. दिवसा काई दिसत न्हाई. उद्या पहाटं चल माझ्यासंगं, तुझ्या डोळ्यानं बघ." मी म्हणाले, बघण्यानं काय कळतं, तपासावं लागतं. तुम्ही रागावलात. "आदी बघावं लागतंय, मग तपासावं. पाण्याच्या आदी बोलू नको," एवढंच म्हणालात आणि उठलात.

मी दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून आणलेल्या कागदाच्या पट्ट्या होत्या माझ्याकडे, पाण्यात बुडवली की रंग बदलणाऱ्या. पट्टी गडद निळी झाली. पाण्यात चुन्यासारखा खार जास्त! मला वाटलं, मी जगाचं कोडं सोडवलं. बोटुकली सोडायच्या आधी तुम्ही दरवर्षी तलावाला दोन पोती चुना पाजायचात, पाणी निरोगी राहावं म्हणून. तोच चुना थोड्या पाण्यात अंगावर आला, झालं. संध्याकाळी सोसायटीच्या खोलीत सगळे सभासद बसलेत, बायका दारात उभ्या आहेत, आणि मी पट्टी वर धरून सांगते: चुन्यानं मेले. चेअरमन तुमच्याकडे वळून विचारतात, "का हो, अवंदा बी चुना टाकलता का?" तुम्ही माझ्याकडे बघता. मग म्हणता, "टाकलता."

त्या रात्री तुम्ही जेवला नाहीत. राखण गेली. उरलेले मासेही गेले, पुढच्या महिन्यात तलाव कोरडा पडला आणि सोसायटीला कुलूप लागलं. लोक मात्र दुष्काळाला काही बोलले नाहीत, तुम्हाला बोलले. तुम्ही गेवराईला हायवेवरच्या एका ढाब्यावर उभ्या ट्रका राखायला गेलात. पाण्याचा वास घेऊन आभाळ सांगणारा माणूस डिझेलच्या वासात खुर्ची टाकून बसायचा. तिसऱ्या वर्षी तिथेच गेलात.

तेराव्यानंतर मी गोठा आवरत होते. कडब्यामागे चुन्याची दोन पोती निघाली, दगडासारखी घट्ट झालेली. तोंडाची शिवण तशीच. मी आईकडे बघितलं. ती म्हणाली, "त्या साली आदीच पाणी कमी, म्हनून चुना टाकलाच न्हवता. म्या तवाच इचारलं त्यास्नी, खोटं कावून बोललाव. तर म्हनले, समद्या गावासमोर पोरगी खोटी पडली असती. ती शिकायलीय." ती हे रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. ती भांडी घासत होती, तिनं हात थांबवला नाही.

पट्टी का निळी झाली, ते मी दुसऱ्या वर्षाला शिकले होते. शेवाळानं हिरव्यागार झालेल्या पाण्यात दुपारच्या उन्हात खार आपोआप वाढतो. रात्री तेच शेवाळ पाण्यातली हवा ओढून घेतं आणि पहाटे मासे गुदमरतात. म्हणजे तुम्ही सांगत होतात तेच. पण तेही पूर्ण कारण होतं असं मी आज म्हणणार नाही. पाणी तापलेलं होतं, मासे दाटीत होते, रोगही असेल. वर्गात हे कळलं तेव्हा तुम्ही ढाब्यावर जिवंत होतात. बसनं आले असते तर संध्याकाळपर्यंत पोचले असते. मी आले नाही, कारण तुम्ही चुना टाकलाच होता असं तुम्ही स्वतः म्हणाला होतात, आणि मला तेवढ्यावर धकवायचं होतं.

आता मी रोज पहाटे पाण्यावर असते. बरोबरचे लोक म्हणतात, मॅडमची शिस्त. ही शिस्त नाही. त्यानं एकही पोवळं वाचलेलं नाही आणि तुमची राखणही परत येत नाही.

हे पत्र घडी करून कुठे ठेवणार, कोण जाणे. एक गोष्ट आईलाही कधी सांगितली नाही. मी पट्टी घेऊन दुपारी गेले, त्या दिवशी पहाटे तुम्ही उंबऱ्यात उभं राहून मला दोनदा हाक मारलीत, दुसऱ्यांदा हळू, झोपमोड नको म्हणून. मी जागी होते, आबा. मी कूस बदलली.