पायरीच्या जागी उतार

३ मार्च
चाललं! माझं संगणकावरचं गणित एकदाही न अडखळता शेवटपर्यंत चाललं! पाहणीतली हजारो घरं — नावं नाहीत, फक्त कमाई किती, मुलं किती, भाडं किती — सगळी माझ्या संगणकात नांदतायत. वित्त खात्याला बालभत्ता वाढवायचाय. मी नियम बदलते, कळ दाबते, की कर वजा जाऊन कुठल्या घराच्या हाती काय उरेल ते दिसतं. खुर्चीसकट गोल फिरले. साहेब दारातच उभे. "झालं का फिरून?"

४ मार्च
भत्ता वाढवला की विषमता घटते! जेवताना नवऱ्याला तीनदा सांगितलं. म्हणाला, "आधी भाजी वाढ, मग काय ते घटू दे."

६ मार्च
आनंदावर विरजण. काही घरं वर जायची सोडून धाडकन खाली येतायत. पगार मर्यादेच्या जरा वर गेला की भत्ता एकदम बंद — म्हणजे पगार वाढला आणि घर गरीब झालं! एकटी आई, दोन मुलं, इस्पितळात नोकरी... अगं बाई, ही तर आमच्या ताईसारखीच.
लगेच तिला फोन.
"मुख्य परिचारिका हो म्हणून मागे लागलेत कधीचे," ती म्हणाली. "पण भत्ता गेला तर मुलांना खायला काय घालू? बढती?"

७ मार्च
पायरी काढली, उतार घातला. पगार वाढेल तसा भत्ता हळूहळू कमी होईल, एकदम तुटणार नाही. विषमता आणखी खाली! खर्च वाढतो, पण श्रीमंतांची एक करसवलत काढली की भरून निघतो. साहेबांनी आकडे पुन्हा तपासले, चष्मा पुसला. "मंत्रीबाईंपुढे तूच मांड. मला एवढं हसत सांगता यायचं नाही."

११ मार्च
मांडलं! जीभ सुसाट. पडद्यावरच्या त्या घराकडे बघून मंत्रीबाईंनी विचारलं, "अशी घरं खरंच आहेत का?"
"माझ्या बहिणीचं आहे," मी बोलून गेले.
मग त्या म्हणाल्या, "उताराचा मसुदा करून आणा. बघू."
जिना उड्या मारत उतरले. खाली पोचायच्या आधीच ताईला फोन — काय काय बोलले, माझं मलाच आठवत नाही.

१४ मार्च
ताईनं बढती घेतली. सहीसुद्धा केली. पुढच्या महिन्यापासून भत्ता बंद.
"तूच म्हणालीस ना, झालं म्हणून?"
मसुदा अजून माझ्याच टेबलावर आहे.